नमुना

रोझबर्गच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
फळ्यांतल्या गाठी आधी कापून टाकतात.
उरलेल्या तुकड्यांना बोटं पाडायची,
एकमेकांत गुंफायची,
मग सरस, मग दाब.
सलग साठ फूट बिनगाठीचं लाकूड
रानात आता कुणी ठेवलंय?

माझं काम मोडून बघायचं.
सांध्यावर सुटलं तर अख्खी खेप बाद.
सरस धरून राहिला
आणि लाकूडच फाटलं,
तर शिक्का.

कडकन आवाज.
वर्लिन चष्मा कपाळावर सारून
डाव्या हाताच्या तीन बोटांनी फाटा चाचपतो
(बाकीची दोन जुन्या सॉ-मिलकडे).
“लाकूड गेलं,” म्हणतो खुशीत.

ही तुळई युजीनला जाणार,
शाळेच्या व्यायामशाळेवर.
खाली पोरं चेंडू आपटतील,
वर कोण बघतंय.

मी पुढचा तुकडा लावते.