नववी आवृत्ती

सावोनलिन्नात फेब्रुवारी, पाचलाच काळोख.
इमारतीच्या तळघरात, कपडे वाळवायच्या खोलीला लागून
आमचं टेबल. दहा बाजूंचे फासे, चार पेन्सिली,
आणि माझी वही, तिच्यात आठव्यांदा
पहिल्यापासून लिहिलेला खेळ.

खेळ साधा आहे.
तळ्याकाठी एक गाव, बर्फ फुटायचं नाव घेत नाही.
जगायचं तर कुणीतरी
माणूस असणं थोडं सोडायचं.
सील होऊन बर्फाखाली जा, मासे आणा.
करकोचा होऊन निरोप न्या.
परत आलात की किंमत द्या.

किंमत कशात घ्यायची,
इथे घोडं तीन हिवाळे पेंड खातंय.

आधी गुण कापले.
पिन्या करखात्यात कामाला. तिने रूप विकलं, आवाज विकला,
तिसऱ्या डावात अस्वल विकत घेतलं
आणि वर सुटे मागितले.

मग आठवणी खोडायला लावल्या.
टार्मोने आईची हाक खोडली,
रबराचा भुगा फुंकला,
म्हणाला, फासा कुणाकडे?

मग कागदावर माणसाची आकृती छापली,
बोटं तोडा म्हटलं, दात उपटा.
आणि रक्त दिसलं तसं
टेबलाला हसू फुटलं.

रेइयो कधी बोलायचा नाही.
जन्मभर तळ्यातल्या फेरीवर इंजिन सांभाळलं,
आता आमच्याकडे उकडलेलं अंडं ठेवायच्या
चिमुकल्या वाटीतून कॉफी पितो,
दोन घोट, रात्रभर पुरवून.
त्या दिवशी त्याने डावी बाही वर सारली.
मनगटापासून कोपरापर्यंत दोरखंडासारखी फुगलेली शीर.
म्हणाला, बोट ठेव.

मी बोट ठेवलं.
आत एक बोट चालू होती,
दूर, धुक्यात, न थांबता.

धमनी शिरेला जोडली, तो म्हणाला,
यंत्राला माझ्यात शिरायला दार हवं होतं.
या हातावर घड्याळ नाही, पिशवी नाही, झोप नाही.
पण ती किंमत नव्हे गं.
किंमत म्हणजे मंगळवार. गुरुवार. शनिवार.
मी खुर्चीला खिळलेला असतो,
तुम्ही इकडे जेवता, भांडता,
कुणाचं तरी लग्न मोडतं.
मला रविवारी कळतं,
तेही कुणाला आठवलं तर.

रात्री सगळं खोडलं.
एकच ओळ ठेवली:
रूप बदलून जो परत येईल, त्याने खुर्ची भिंतीकडे फिरवावी,
वाळूचं घड्याळ उलटं करावं.
खेळ थांबणार नाही.
काय झालं, ते त्याला कुणी सांगायचं नाही.

सोमवारी रेइयो सील झाला.
फासा चांगला पडला, तळ्यातून मासे आले.
त्याने खुर्ची फिरवली.
त्याची पाठ आमच्याकडे, तोंड गरम पाण्याच्या नळांकडे,
वाळू चार मिनिटांची.
आम्ही छप्पर दुरुस्त केलं. आजारी पोर वाचवलं.
मासे वाटले. पिन्याने हिशोब केला,
आणि तिचा हिशोब कधी चुकत नाही:
तीन सारखे वाटे.

तो वळला. पटाकडे बघत राहिला.
खरं सांगते, कुणाच्या मनात काही नव्हतं.
आमच्या हातून झालं, इतकंच.
पिन्या लाल झाली, म्हणाली, वाळू फार आहे,
दोन मिनिटांची करू या.
टार्मो म्हणाला, एक.
रेइयोने वाटी उचलली, दुसरा घोट घेतला.
बरोबर आहे, म्हणाला.
नियम बरोबर की आम्ही, ते मी विचारलं नाही.

वाळू चारच ठेवली.
वहीवर शाईने लिहिलं: नववी आवृत्ती, पक्की.

पुढच्या आठवड्यात टार्मोची पाळी बदलली.
सोमवार कुणालाच जमेना,
म्हणून खेळ शनिवारी ठेवला.
माझ्या लक्षात आलं तेव्हा
फासे पडून गेले होते.