बाकाचा बाक

उशिया आली तेव्हा बगलेत कागदाची गुंडाळी
आणि पायात शहरी बूट.
मी अरौसाच्या खाडीतला तराफ्यांचा सुतार. चाळीस वर्षं
निलगिरीचे वासे एकावर एक बांधले,
खाली दोर सोडले, दोरांवर शिनाणे वाढले,
माझं काय वाढलं ते विचारू नका.

म्हणाली, मोडीत निघालेला तराफा हवाय.
धक्क्यावर बाक करायचाय, शिंपल्याच्या आकाराचा,
नवं एकही झाड न तोडता.
म्हटलं, ने. सरपणाचा भाव लावतो.

मीठ प्यायलेलं लाकूड करवतीला दाद देत नाही.
तीन पाती गेली. चौथं माझ्या अंगठ्यावरून गेलं.
पण वासा आतून, काय सांगू,
बाहेर काळा, किड्यांनी चाळण केलेला,
आत लालसर,
काल संध्याकाळी तोडल्यासारखा.
तिनं नाक लावून वास घेतला.
मीही घेतला, ती पाठमोरी असताना.

डबे भरायच्या कारखान्यामागे शिंपल्यांचा ढीग,
उन्हात घाण मारणारा.
ते भाजले, कुटले, चुन्यात कालवले,
बाकाचे पाय ओतले.
आठवडाभर हातांची सालं निघत राहिली.
वाशांच्या पट्ट्या काढून, रंधून रंधून
बाकाला बाक दिला.
उभी राहिली एक अर्धी शिंप, उघडी, गुळगुळीत.

फोटोवाला आला. फोटो छान आला.
मग पाऊस आला.
शिंपीत दोन दिवस पाणी साचलं,
एक सीगल आंघोळ करून गेला.

शिनाणे निवडणाऱ्या बायका बघायला आल्या.
दोसिंदा, जिच्या गुडघ्यांत सगळे हिवाळे मुक्कामाला,
म्हणाली, "पोरी, हे शिनाण्यांना बसायला केलंयस का?
मी बसले तर उठवायला क्रेन लागेल."
आणि आपल्या पालथ्या क्रेटवर जाऊन टेकली.
शेजारी ओबदूलिया, तिच्या पाठीला पाठ लावून.

वाटलं, उशिया रडेल.
बूट काढले तिनं. बायकांच्या मधे क्रेट टाकला
आणि दहा दिवस शिनाणे निवडले.
कुणाची ढोपरं किती उंच, बादली डावीकडे की उजवीकडे,
कोण कुणाला रेलतं, भांडण झाल्यावर
कोण किती वीत सरकतं,
सगळं त्या गुंडाळीच्या कोऱ्या बाजूला.

अकराव्या दिवशी शिनाण्यांचा घड घेऊन आली.
"मी कवचच बघत बसले. हे बघा."
दाढी.
आम्ही ओरबाडून फेकतो ती.
काळपट दोरे, केसाएवढे,
एक शिनाणा दुसऱ्याला धरून, दुसरा दोराला,
भरती ओढते तेव्हा ताणतात,
सोडत नाहीत.

शिंप कापली आम्ही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.
आता धक्क्यावर आहे ते कशासारखंच दिसत नाही.
सरळ वासे. मधे फटी, पाणी जायला.
डाव्या हाताला बादलीपुरती जागा.
एकही खिळा नाही. तराफ्याच्याच दोरांनी
वासा वाशाला बांधलाय, त्याच गाठीनं
जी बापानं मला शिकवली होती
आणि मी कुणालाच नाही. आता
उशियाला येते. माझ्याहून जरा सैल मारते,
मुद्दाम, म्हणते.
बसलं की हलतं. या टोकाला कुणी बसलं
तर त्या टोकाला कळतं.

फोटोवाला पुन्हा फिरकला नाही.

दोसिंदा आली. आधी बादली ठेवली.
बाजारात मासा दाबून बघतात तसा
वासा दाबून बघितला. बसली.
"कुरकुरतोय."
"म्हातारा आहे," मी म्हटलं.

मग ओबदूलिया, जी रविवारपासून तिच्याशी बोलत नव्हती,
समुद्राकडे तोंड करून
दुसऱ्या टोकाला बूड टेकून बसली,
आणि इकडे दोसिंदा
बोटभर वर उचलली गेली.