लोकरीच्या धाग्यावर

सकाळी दिवा लावला की पहिला अर्धा तास त्यांचा.
दोन नर समोरासमोर येतात,
पाठीवरचा पंखा उघडतात,
केसाहून बारीक काळे धागे मागे सोडतात,
थरथरतात, गोल फिरतात,
आपापली बाजू दाखवतात,
आणि संपलं.
चावा नाही. एक खवला गळत नाही.

दुकानात यांना रेनबो म्हणतात.
दुपारी पाहाल तर म्हणाल, कुठाय रेनबो?

चाळीस वर्षं मी साखर कारखान्यात बॉयलर दुरुस्त केले.
माझ्याएवढा जाड अंगठा अख्ख्या इंगहॅममध्ये नसेल.
त्याच अंगठ्याने आता
हिरव्या लोकरीच्या झुबक्यातून अंडी वेचतो,
मोहरीहून लहान, काचेची,
प्रत्येकीला लोंबायला एक तंतू.

यांचं तोंड इतकं चिमुकलं
की विकतचं खाणं चुरून धूळ करावं लागतं.
फिल्टरला लिनाच्या जुन्या मोज्याचा तुकडा बांधलाय,
नाहीतर पिल्लं ओढली जातात.
लिना म्हणते, माझी एवढी काळजी घेतली असतीस तर!
मी म्हणतो, तू कुठे चार सेंटिमीटरची होतीस.

सेवेरिनो ओढ्यापलीकडे राहतो.
माझा पाठचा भाऊ.
उसाच्या चार ओळी कुणाच्या
यावरून आमचं बोलणं बंद,
आईला पुरलं त्या आठवड्यापासून.
तेव्हा मी त्याचा एक दात पाडला होता.
पुढचा.

मार्चमध्ये पिल्लं फार झाली. साठ, सत्तर.
दुकानवाली रोझलिन वीसच घेते.
मग मी बरणीत आठ घातली,
मूठभर शेवाळ, झाकणाला खिळ्याने भोकं,
बरणी त्याच्या टपालपेटीखाली सावलीत ठेवली,
हॉर्न दिला
आणि निघालो. मागे वळून पाहिलं नाही.
खोटं कशाला बोलू, आरशात पाहिलं.

एप्रिल गेला. ओढ्याला पाणी चढलं, उतरलं.
मे गेला.
ऊसतोडणीची यंत्रं रस्त्यावर आली.

काल बरणी परत आली.
धुतलेली, कोरडी, लोणच्याचं लेबल खरवडून काढलेलं.
आत खताच्या पावतीच्या पाठीवर
त्याचं ते कायमचं उताणं अक्षर:
‘दोघे सारखे भांडतात.
वेगळे करू का?’

मघापासून पेन्सिल शोधतोय.