एकास वीस

रात्री अकराला मी फाटक लावते.
तिसऱ्या मजल्यावरचे दिवे मात्र
माझ्या हातात नाहीत.
पोरं जागी आहेत.
परवा परीक्षक येणार.

या शहराचं नाव वूच, म्हणजे होडी,
आणि नदी रस्त्यांखालच्या नळांत कोंडलेली.
इथल्याच या लाल विटांच्या गिरणीत
एकोणीस वर्षं मी माग चालवला.
तेव्हा या मजल्यावर बोललेलं ऐकू यायचं नाही,
आम्ही एकमेकींचे ओठ वाचायचो.
माग भंगारात गेले, खिडक्या राहिल्या,
आणि खिडक्यांपाशी आता ही मुलं बसतात,
खोली कशी असावी ते शिकायला.

मला आधी हसूच आलं.
खोलीत काय शिकायचंय?
चार भिंती, एक दार,
आणि एक तारखेला भाडं.

मग फेऱ्या मारता मारता बघत गेले.
बोगुमिल, ताडमाड उंच,
तासन्‌तास एकाच जिन्यावर चढतो उतरतो,
माणसाचा हात कठडा कुठे शोधतो
तिथे खडूने खूण करतो.
वितला हिरवा आणि तांबडा वेगळा दिसत नाही.
तो कापड बोटांनी निवडतो,
एकदा माझ्यापुढे तुकडा धरून म्हणाला, सांगा.
मी डोळे मिटले. म्हटलं, तिरकी वीण,
लोकर अर्धीच, बाकी फसवणूक.
तेव्हापासून मला खुर्ची देतो.

आणि ओलेना, खारकीवची.
सगळ्यांनी घरं काढली,
तिनं फक्त बोळ काढला,
दोन्हीकडे भिंत, खिडकी नाही,
चार गाद्या मावतील एवढा रुंद.
त्यात उजेड कुठून आणायचा
यावर तिचे चार महिने गेले.
बोळच का, ते कुणी विचारलं नाही.
तिला आरसे कापून द्यायला मात्र
सगळे बसले.

जाग्नानं मला विचारलं,
"चौकीत बसलं की काय दिसतं तुम्हाला?"
कॅमेऱ्याचे पडदे, म्हटलं.
"आणि काय दिसायला हवं?"
चौसष्ट वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
विचार करून सांगते म्हणाले,
आणि खरंच तीन दिवस विचार केला.
फाटकाबाहेरचं चेस्टनटचं झाड, मी सांगितलं.
आणि गुडघे पसरायला जागा.

आज दोन वाजता बोगुमिलचा जिना कोसळला.
पुठ्ठ्याचाच, पण आवाज गिरणीभर गेला.
ज्यांची कामं संपली होती तीही घरी गेली नाहीत.
कुणी डिंक, कुणी चिमटे,
कुणी नुसताच कंदिलासारखा फोन धरून उभा,
आणि शिव्या तीन भाषांत.
आमच्या पाळीतही असंच व्हायचं,
एकीचा धागा तुटला
की शेजारचीचा हात आधी जायचा.

चारला सगळी पांगली, तेव्हा मी पाहिली
टेबलावर माझी चौकी,
एकास वीस.
आत मण्याची किटली,
आणि पुठ्ठ्याची मी.
कंबर माझीच, रुंद.
भिडेपोटी बारीक केलेली नाही.
झाडाकडे खिडकी, खिडकीशी खुर्ची.
सगळं बरोबर. फक्त दुपारी तीनला
ऊन तिथेच डोळ्यांत जातं,
हे तिला कसं कळणार?
करंगळीने खुर्ची सरकवली,
दोन सेंटीमीटर,
म्हणजे खरे चाळीस.
चोरी केल्यासारखी खाली आले.

सकाळी आराखड्यावर
जुनी खुर्ची खोडून नवी काढलेली,
आणि कोपऱ्यात, सहीच्या चौकटीत,
तिच्या नावाखाली माझं,
एक अक्षर चुकवून.

परीक्षक म्हणाले, विषय लहान घेतला.
पाचपैकी तीन.
जिन्यात बसून आम्ही दोघींनी ते वाटून घेतले,
आणि खारवलेल्या काकड्यांची अख्खी बरणीही.