समुद्र खिडकीतूनही दिसतो

इस्पितळांसाठी मी बाण आखते.
वाल्पराइसोच्या सरकारी इस्पितळात
रात्री तीन वाजता, हातात कुणाचा तरी स्वेटर घेऊन
जो माणूस एक्स-रेची खोली शोधत निघतो
त्याला वाटेत कुणाला विचारावं लागू नये,
एवढंच माझं काम.

आणि माझी स्वतःची वेबसाइट अशी:
उघडताच समुद्र.
पहाटेचा, हलता, आवाज बंद केलेला.
त्यावर माझं नाव, राखाडी, केसाइतक्या बारीक अक्षरांत,
जणू मोठ्यानं सांगितलं तर कुणी रागावेल.
मेनू तीन रेघांमागे दडलेला.
फोन नंबर तळाशी, एक्केचाळीस कामांच्या खाली,
दाराआड ठेवलेल्या केरसुणीसारखा.

पाच महिने गेले. पत्र एकच आलं,
कुणीतरी मला छपाईची शाई विकू पाहत होतं.

खालच्या मजल्यावर सेन्योर किलोद्रान राहतात.
एकतीस वर्षं टेकडीची लिफ्ट चालवली त्यांनी.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय.
त्यांच्याच जुन्या फोनवर पान उघडून द्यायला गेले,
तर अकरा सेकंद नुसतं पांढरं.
"एवढ्यात आमची लिफ्ट अर्धी टेकडी चढायची," ते म्हणाले.
मी म्हटलं, मला काम द्यायचंय असं समजा. मला शोधा.
आणि ओठ मिटून बसले. नियमच आहे तो:
दाखवायचं नाही, सुचवायचं नाही,
श्वाससुद्धा 'तिकडे नाही' असा सोडायचा नाही.

ते बघत राहिले.
चहा निवला.
मग म्हणाले, "समुद्र चांगला आहे.
पण तो खिडकीतूनही दिसतो.
तू कुठे आहेस?"

अंगठा सरकला, एका चित्रावर टेकला.
चित्र ढिम्म.
पुन्हा टेकला, जरा जोरात,
जसा गंजलेला लोखंडी खटका दाबतात.
आणि मग ते वाक्य, अजून सलतं ते:
"माझंच काहीतरी चुकत असेल, पोरी."

त्या रात्री समुद्र काढला.
सोपं नव्हतं. चार पहाटे गारठून टिपला होता.
एक्केचाळिसाची सहा कामं केली;
पस्तीस जाताना एकेक जण वळून बघत होता.
'दृश्य-अनुभवांची शिल्पकार' खोडलं,
लिहिलं: इमारतींत माणसं हरवू नयेत म्हणून पाट्या करते.
सहाव्या कामाखाली लिहिलं, हे फसलं.
बाण बरोबर होता, दार नंतर बुजवलं.
मला कुणी कळवलं नाही,
मीही पुन्हा बघायला गेले नाही.

मग, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी
प्रत्येक चित्रापाठी एक वाक्य.
पहिलं लिहिलं: निळ्या भिंतीवर पांढरा बाण, उजवीकडे.
डोळे मिटून ऐकलं.
उजवीकडे काय?
खोडलं. लिहिलं: रक्त तपासायची खोली, वीस पावलांवर,
वाटेत टेकायला बाक आहे.

रविवारी पुन्हा खाली गेले.
त्यांनी फोन नाकाशी धरला. नाव सापडलं.
नावाखाली बटण, विटेच्या रंगाचं, अंगठ्याएवढं.
माझ्या खिशात घंटी वाजली.
समोरासमोर बसलो होतो आम्ही, मध्ये पावाची टोपली,
तरी मी उचलला.
कानात त्यांचा आवाज आला, कामावरचा,
मी कधीच न ऐकलेला:
"दार नीट लावून घ्या.
वर जायचंय की खाली?"

मला उत्तर सुचेना.
ते वाट बघत राहिले, फोन कानाला,
मग ठेवता ठेवता म्हणाले,
"अक्षर अजून थोडं मोठं कर."