तुम्ही आहात ना

माघातली द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ.
म्हणजे नऊला खाडी काठोकाठ,
नऊनंतर ती आपली राहणार नाही.
शार्दूल आला आठ चाळीसला,
सीवूड्सच्या सतराव्या मजल्यावरून,
जिथून त्याला रोज खाडी दिसते
आणि सपाट दिसते.

दिवाळ्याच्या जेट्टीवर दोघी-तिघी करंदी निवडत होत्या.
त्यांनी एकदा त्याच्या नव्या वल्ह्याकडे पाहिलं,
एकदा जाकिटाच्या लोंबत्या पट्ट्याकडे,
आणि पुन्हा करंदीकडे.

शिटी?
गाडीत राहिली.
पाणी?
आहे थोडंसं.
घरी सांगितलंस, कुठे चाललास, कधी परतणार?
हसला.
आणि उलटलास तर?
"तुम्ही आहात ना."

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे.
चार वर्षांपूर्वी मीच बोलले होते ते
याच पायऱ्यांवर, हसुराम नाखव्याला.
तो काही बोलला नाही.
मला मधल्या धारेपर्यंत नेलं,
आपली होडी चार हात लांब ठेवली
आणि म्हणाला, उलटव.

पहिल्यांदा बोटीच्या गुळगुळीत पोटावर नुसती नखं घासली.
दुसऱ्यांदा खाडी नाकात गेली, तिच्यात
मीठ होतं, डिझेल होतं,
कुठल्याशा कारखान्याचा गोडसर वास होता.
सातव्यांदा मी रडले. तो तंबाखू मळत होता.
"मी हाय गो," म्हणाला,
"पन पान्यान तू हायेस."
अकराव्यांदा पोटावर सरपटत, एक गुडघा आत,
डबक्यातून म्हैस निघावी तशी
मी माझ्या बोटीत आले.
त्यानं चिमूट दाढेखाली ठेवली. चल, म्हणाला, वारा सुटंल.

एवढ्यावर शहाणी झाले असं नाही.
गेल्या पौषात एकटीच गेले करावेच्या अंगाला,
कागद न लिहिता. तासाभराचं तर काम,
कोणाला कशाला सांगायचं.
बसलेल्या माणसाखालून सतरंजी ओढावी
तसं ओहोटीनं तिवरांपाशी पाणी काढून घेतलं.
उतरून पाहिलं तर चिखल मांडीपर्यंत,
फोनमध्ये दोन टक्के, मग तेही नाहीत.
पाच तास निवट्या उड्या मारत होत्या माझ्याभोवती.
रोहित मान खाली घालून आपलं पोट भरत होते.
दूर पामबीचवरून गाड्या जात होत्या,
आणि माझ्या शोधात कोणी निघालं नव्हतं
कारण मी हरवलेय हेच कोणाला ठाऊक नव्हतं.
यात खाडीच्या नावे काही निघत नाही.
हिशेब तपासणं माझा पेशा आहे;
मी दोनदा तपासलं.

तर शार्दूलला मी मधल्या धारेत नेलंच नाही.
जेट्टीच्या आडोशाला, छातीभर पाण्यात,
पट्टा आवळून, म्हटलं, उलटव.
रागावला. मी फिरायला आलोय, म्हणाला.
नऊ वाजले. साडेनऊ.
पायऱ्यांवरची ओली रेघ एक बोट खाली उतरली.
तो पडत होता, चढत होता, अर्ध्यावरून घसरत होता,
माझ्याकडे पाहत होता.
मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.
हात न देणं वल्हवण्याहून जड जातं,
हे हसुरामनं मला सांगितलं नव्हतं.

सहाव्यांदा जमलं की सातव्यांदा, मोजायचं राहिलं.
फिरणं काही झालं नाही.
जाताना त्यानं गाडीतून शिटी काढली
आणि जाकिटाला बांधली, न बोलता.

घरी तांदळाच्या डब्याखाली
सकाळचा कागद होता, माझ्या अक्षरातला:
ऊर्जिता, सव्वाअकरापर्यंत आले नाही
तर हसुराममामाला फोन कर, मग पोलिसांना.
आधी फोन. रडायचं नंतर.
घड्याळात दहा पन्नास. फाडायला घेतला,
तर खाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं:
पण कुठल्या बाजूला गेलीस?

ते मी लिहिलंच नव्हतं.