आंधळी कोशिंबीर

संपादकांचा मेल आला तेव्हा
शेगडीत बर्चची ढलपी सारत होते मी.
एकतीस पानं. लेखकाचं नाव काढलेलं,
विद्यापीठ काढलेलं, आभार काढलेले,
फाइलच्या पोटातल्या तारखासुद्धा खरवडलेल्या.
नियमच आहे: त्याला मी दिसायची नाही, मला तो.
दोघांच्याही डोळ्यांवर रुमाल
आणि मध्ये एक लेख, हात पसरून.

दक्षिण एस्टोनियातल्या अकरा ग्रामपालिका,
विलीनीकरणाचा कौल,
आणि कौलाला न आलेली माणसं.
पद्धत ठीक. सिद्धान्त जरा लंगडा.
सातव्या पानावर मात्र पेन्सिल अडली:
"जिथे बस थांबत नाही, तिथे राज्यही थांबत नाही."

हे वाक्य मी एकदा खोडलंय.
तार्तूत, याच टेबलावर, लाल शाईनं.
समासात लिहिलं होतं: हे शास्त्र नव्हे, सुभाषित.
समोर ओले हातमोजे मांडीवर घेऊन
प्रीदिक ओया बसला होता, काही बोलला नाही.
तो बोलत नसेच फारसं.
मोजत असे.

तिथेच डाव सोडायला हवा होता.
पण मी पान उलटलं.

तक्ता दुसरा. गावनिहाय गैरहजर मतदार.
खाली बारीक टायपात:
स्रोत, रन्नामा.
म्हणजे मी.

बारा वर्षांपूर्वीचा तो हिवाळा.
टपालाच्या गाडीत बसून तो गावोगाव गेला.
शाई गोठते म्हणून पेन्सिलनं लिहिलं सगळं.
सोओसालूच्या ग्रंथपालबाईंनी त्याला
चहा दिला, काळी पोळी दिली,
आणि कोण का आलं नाही याची स्वतःची वही दिली.
वसंतात तो बोटीनं फिनलंडला गेला, बांधकामावर.
प्रबंध अर्धा राहिला.
कागद माझ्या कपाटात राहिले.
"राहिले" असं मी म्हणते.

पुढच्या वर्षी माझा लेख आला, याच नियतकालिकात.
शेवटी एक ओळ होती:
माहिती-संकलनातील मदतीबद्दल पी. ओया यांचे आभार.
मदतीबद्दल.
त्या लेखावर मी प्राध्यापक झाले.

आता तो मलाच उद्धृत करतो.
टोमणा असता तर सोसला असता.
पण टोमणा नाही, नुसता नियम पाळलाय:
आकडा छापून आला तो माझ्या नावावर,
मग स्वतःच्याच विहिरीवर
पोहरा माझ्याकडून मागून घेतल्यासारखा
त्यानं तो मागून घेतला.

आणि नवव्या ओळीला तळटीप:
"कार्नाक्युला येथील ४१ हा आकडा १४ असावा.
बहुधा छपाईची चूक."
मी उठून कपाट उघडलं.
पेन्सिल पुसट झाली होती, पण चौदाच.
कागद माझ्याकडे,
आणि पाठ त्याला.

परीक्षणाच्या अर्जात चार चौकटी असतात.
स्वीकार, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती, नकार.
चारही त्याच्यासाठी.
मी संपादकांना लिहिलं: लेखक कोण ते मला कळलंय,
मला यातून वगळा.
रात्री दुसरं पत्र लिहिलं, त्याच पत्त्यावर:
माझ्या जुन्या लेखात दुरुस्ती करायची आहे.

सकाळी उत्तर आलं, यंत्रानं पाठवलेलं, अगदी नम्र.
शुद्धिपत्रास मर्यादा दीडशे शब्द.
कारण खालील यादीतून निवडावे.
पहिलाच पर्याय: छपाईची चूक.

बाहेर एमायोगी नदीवर
बर्फ काठाकडून धरायला लागला होता.
तो पर्याय त्यानं माझ्यासाठी आधीच निवडून ठेवला होता,
दार उघडं धरून उभं राहावं तसा.

मी यादीच्या तळाशी गेले.
"इतर. कृपया स्पष्ट करा."
पहिला शब्द लिहिला: प्रीदिक.
उरले एकशे एकोणपन्नास.